ईईजीवरून डिप्रेशन की अँक्झायटी: बीई प्रोजेक्टला हा टॉपिक घेताय तर आधी हे वाचा

फायनल इयरला कायतरी एआय अधिक हेल्थ पाहिजे म्हणून ईईजीवरून (डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेले मेंदूचे विद्युत सिग्नल) आजार ओळखायचा हा टॉपिक घेणार असाल तर घ्या, चांगलाय, पण कोड नंतर, आधी डेटा कुठून आणणार ते ठरवा. नेटवर मिळणारे बरेचसे डेटासेट डिप्रेशन विरुद्ध नॉर्मल असे असतात. डिप्रेशन विरुद्ध अँक्झायटी हा वेगळाच आणि जास्त अवघड प्रश्न आहे, त्यात दोन्ही एकाच माणसात असणं अगदी कॉमन. कॅगल या डेटासेटच्या साइटवर सोलच्या एका हॉस्पिटलचा ९४५ जणांचा डेटा आहे, त्यात डिप्रेशनचे १९९ आणि पॅनिक, सोशल अँक्झायटी मिळून १०७. सुरुवात तिथून करा, बँड पॉवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सी पट्ट्यात सिग्नलचा जोर किती) आणि कोहिरन्स (दोन जागांचे सिग्नल किती जुळतात) आधीच काढून दिलेत, एका माणसाची एक ओळ.

आता हिशोब बघा. या ३०६ जणांना सरसकट डिप्रेशन म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी ६५ टक्के येते, त्यामुळे मॉडेलने ६८ दिले म्हणून लगेच पेढे वाटू नका, रिपोर्टमध्ये बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी लिहा, म्हणजे दोन्ही गटांत वेगवेगळं किती बरोबर आलं त्याची सरासरी, तिथे असली ठोकाठोकी ५० वरच अडकते. आणि हे नक्की करा: फक्त वय, लिंग, शिक्षण एवढेच कॉलम देऊन एकदा मॉडेल चालवा. ईईजी न देताच तेवढाच स्कोअर आला तर तुमचं मॉडेल मेंदूचं काही वाचतच नाहीये.

कच्चं रेकॉर्डिंग हातात असेल तर पायथॉनची एमएनई लायब्ररी घ्या. १ ते ४५ हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारा फिल्टर) लावा, आपल्या लाइटचा ५० हर्ट्झ त्यात कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही, पापण्यांची फडफड आयसीएने (मिसळलेले सिग्नल वेगळे करायची पद्धत) काढा, दोन-चार सेकंदांचे तुकडे पाडा आणि वेल्चच्या पद्धतीने थीटा (४-८), अल्फा (८-१३), बीटा (१३-३० हर्ट्झ) या पट्ट्यांची पॉवर काढा. एफ३-एफ४ (कपाळाच्या वर डावीकडचा आणि उजवीकडचा इलेक्ट्रोड) मधला अल्फाचा फरक पण घ्या, पण फार भरवसा नको, डिप्रेशनच्या बाबतीत तो गाजलाय खूप, निकाल मात्र दर वेळी सारखे येत नाहीत.

प्रोजेक्ट गंडतात ते इथे. एका माणसाचे शंभरेक तुकडे होतात, पोरं ते सगळे मिसळून रँडम स्प्लिट मारतात, मग त्याच माणसाचे तुकडे ट्रेनमध्ये पण आणि टेस्टमध्ये पण, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. मॉडेल आजार नाही, माणूस ओळखतं, आणि ९८ टक्के येतात. सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीतला ग्रुप-के-फोल्ड वापरा, तो डेटाचे भाग (फोल्ड) पाडताना एका ग्रुपचं सगळं एकाच भागात ठेवतो, ग्रुप म्हणजे माणसाचा आयडी, आणि स्केलिंग, फीचर सिलेक्शन पण पाइपलाइनमध्ये घालून फोल्डच्या आतच करा. आकडा धाडकन पडेल. पडू दे, गाइडला तोच दाखवा. मॉडेल आधी साधं लॉजिस्टिक रिग्रेशन नाहीतर एसव्हीएम (सपोर्ट व्हेक्टर मशीन), एवढ्याशा डेटावर डीप लर्निंगची हौस नको.

औषधांची माहिती मिळाली तर सोडू नका. बेंझोडायझेपिन या शांत करणाऱ्या औषधांच्या गटातल्या गोळ्यांनी बीटा वाढतो आणि अँक्झायटीत त्या दिल्या जातात, मग मॉडेल ओळखतंय ते गोळीला की आजाराला?

स्वतः रेकॉर्डिंग करायचंय? आधी एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी पार्ट्स मिळतील, पण डोक्याला लावायचं सर्किट बॅटरीवरच चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून, आणि घरी बनवलेलं असेल तर ज्याला कळतं त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय कुणालाच लावू नका. येणाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगा की केस धुऊन या, तेल लावू नका, खोबरेल असलं की इलेक्ट्रोड नीट कॉन्टॅक्टच धरत नाही. सोबत पीएचक्यू-९ (डिप्रेशनची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (अँक्झायटीची) भरून घ्या, पण हे स्क्रीनिंगचे फॉर्म आहेत, लेबल सायकायट्रिस्टच्या निदानावरूनच हवं. पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, तिथे कुणी शून्य सोडून काहीही टिक केलं तर कोण बोलणार, कुठे पाठवणार हे पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधीच ठरलेलं पाहिजे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर संमतीच्या फॉर्मवरच छापून ठेवा.