क्नेक्स प्रोजेक्टमध्ये आणण्याआधीची तयारी

क्नेक्स म्हणजे नोड.जेएसमध्ये जावास्क्रिप्टच्या फंक्शनांमधून एसक्यूएल क्वेऱ्या बांधून देणारी लायब्ररी, म्हणजेच क्वेरी बिल्डर. पण सुरुवात ती इन्स्टॉल करण्यापासून नको. आधी तुमच्या ॲपमधल्या सगळ्यांत किचकट तीन-चार क्वेऱ्या हाताने साध्या एसक्यूएलमध्ये लिहा, चालवून बघा, एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावून इंडेक्स लागतोय का तपासा आणि एका फाइलमध्ये ठेवून द्या. मग त्याच क्वेऱ्या क्नेक्सने बांधा आणि टूएसक्यूएल() मधून निघालेलं एसक्यूएल वाक्य त्यांच्याशेजारी ठेवून ताडून बघा. ‘जॉइन नीट जमत नाही, म्हणून क्वेरी बिल्डर घेतोय’ असं कोणी म्हणालं, तर त्याला मी आधी जॉइनच शिकायला बसवतो. बिल्डरचा खरा उपयोग अटी वेळेवर ठरतात तिथे होतो: युजरने शहर निवडलं तर एक व्हेअर, तारीख दिली तर आणखी एक, काहीच नाही दिलं तर एकही नाही. स्ट्रिंगा जोडत बसलं की अशाच ठिकाणी ‘अँड’ लोंबकळत राहतो.

ताडताना टूस्ट्रिंग() वर भरवसा नको, ते फक्त डोळ्यांनी वाचण्यापुरतं आहे. टूएसक्यूएल() वाक्य आणि त्यात भरायच्या किमती वेगवेगळ्या देतं, आणि ड्रायव्हरकडे त्या तशाच वेगळ्या जातात. रॉ (हाताने लिहिलेलं एसक्यूएल थेट देण्याची सोय) वापरणार असाल तर किमतीसाठी एक प्रश्नचिन्ह, कॉलमच्या नावासाठी दोन, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत हवं. यूआरएलमधून येणारं सॉर्टचं कॉलम मात्र परवानगी दिलेल्या नावांच्या यादीशी जुळवूनच आत घ्या.

ड्रायव्हर वेगळा लागतो. पोस्टग्रेस असेल तर पीजी, मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएल२. त्यासोबत पूलचा, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचा, हिशोबही आजच करा. क्नेक्सचा पूल मुळात किमान 2 आणि कमाल 10 कनेक्शनचा असतो. किमान 0 ठेवा, असं त्यांचं डॉक्युमेंटेशनच सुचवतं. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची आहे. सर्व्हरवर तुमच्या ॲपच्या 12 प्रोसेस चालल्या, तर गर्दीच्या वेळी 120 कनेक्शन मागितली जातील.

आता थोडं सावकाश, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. क्नेक्सची क्वेरी बदलत जाणारी वस्तू आहे. ‘ऑर्डर्स, जिथे शहर नाशिक’ एवढं एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं, त्यावर काउंट लावून एकूण आकडा काढला आणि पुढच्या ओळीत त्याच व्हेरिएबलवर लिमिट 20 लावलं, तर वीस ऑर्डरी येत नाहीत. काउंट अजून आतच बसलेला असतो, त्यामुळे आकड्याची एकच ओळ येते. म्हणून पाया एकदाच बांधा आणि दर वापराआधी क्लोन() करून त्याची प्रत घ्या. रिव्ह्यूमध्ये मी हे आवर्जून शोधतो. शिवाय तो आकडा पोस्टग्रेसकडून स्ट्रिंग म्हणून येतो, कारण बिगइंट (काउंटचा मोठ्या पूर्णांकाचा टाइप) जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये मावेलच असं नाही. 7 मध्ये 1 मिळवायला जाल तर 71 मिळेल. रूपांतर कुठे करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

ऑरव्हेअर (‘किंवा’ची अट) कंसात घाला, म्हणजे व्हेअरला फंक्शन द्या. नाहीतर ‘रद्द नसलेल्या, आणि नाशिकच्या किंवा पुण्याच्या’ अशा यादीत पुण्याच्या रद्द ऑर्डरीही येऊन बसतात. व्हेअरमध्ये अनडिफाइन्ड गेलं तर क्नेक्स एरर देतं, हे बरं आहे. पण इफच्या आतला व्हेअर लागलाच नाही तर डेल() मुकाट्याने अख्खं टेबल साफ करतं. डिलीट आणि अपडेटसाठी अट नसेल तर नकार देणारं छोटं फंक्शन पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

बाहेरून आलेल्या जेसनचे टाइप तपासल्याशिवाय काहीच पुढे जाऊ देऊ नका. मायएसक्यूएलवर क्नेक्सच्या 2.3.0 पर्यंतच्या आवृत्त्यांत आयडीच्या जागी कोणी ऑब्जेक्ट पाठवला, तर व्हेअरची अट निकामी करता येत होती; वाक्य ‘आयडी = आयडी = 1’ असं काहीतरी होऊन बसायचं. हे 2.4.0 मध्ये बुजवलं, पण त्या कमतरतेचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) 2016 सालचा आहे. तेव्हा पॅकेजफाइलमधली आवृत्ती बघाच.

ट्रान्झॅक्शनच्या आत प्रत्येक क्वेरी टीआरएक्सवरूनच, म्हणजे क्नेक्स त्या ट्रान्झॅक्शनसाठी देतं त्या ऑब्जेक्टवरूनच, जायला हवी. चुकून बाहेरचा क्नेक्स वापरला तर ती क्वेरी दुसरं कनेक्शन घेते आणि रोलबॅकमध्ये परत फिरत नाही. त्यात दहा ट्रान्झॅक्शननी दहाही कनेक्शन धरून प्रत्येकाने अकरावं मागितलं, तर सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात आणि साठ सेकंदांनी टाइमआउट होतात. अवेट विसरलात तर क्वेरी जातच नाही, हेही नव्या मुलांना सांगून ठेवा.

मोठी एक्सेल आत घ्यायची असेल तर गणित सोपं आहे: पोस्टग्रेस एका वाक्यात 65535 पॅरामीटर घेतं, म्हणजे 20 कॉलम असतील तर जेमतेम 3276 ओळी. ओळी तुकड्यातुकड्याने भरणारं बॅचइन्सर्ट वापरा.

मराठी डेटा असेल तर एक काम जास्तीचं. ‘कऱ्हाड’ शोधलं आणि शून्य ओळी आल्या, की बिल्डरला शिव्या घालण्याआधी अक्षरं तपासा. त्यातला ऱ कुठे एकच चिन्ह असतो, कुठे र आणि खाली नुक्ता, तर कुठे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची अक्षरं एकसारख्या रूपात आणण्याची पद्धत) एक होतात; तिसरा होत नाही, तो स्वतःच बदलावा लागतो. हे साठवतानाही करा आणि शोधतानाही.

शेवटी मायग्रेशन, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल क्रमाने लावणाऱ्या फाइली. ते मध्येच मेलं तर एका वेळी एकच मायग्रेशन चालू देणारं क्नेक्सचं लॉक टेबल अडकून राहू शकतं. मग ‘मायग्रेट:अनलॉक’ चालवावं लागतं. ती कमांड रात्री ड्यूटीवर असणाऱ्याला सापडेल अशा जागी लिहून ठेवा, आणि अनलॉक करण्याआधी दुसरं कोणी मायग्रेशन चालवत नाहीये ना, हे फोन करून विचारायला सांगा.