उघड्या मैदानावरील पर्यावरण महोत्सवात वायफायची सोय कशी करावी

डोंगरपायथ्याच्या गावात, शाळेच्या किंवा देवस्थानाच्या मैदानावर दोन दिवसांचा पर्यावरण महोत्सव भरवायचे ठरले की मांडव, पाणी, शौचालये आणि वाहनतळ यांचा विचार पहिल्याच बैठकीत होतो. इंटरनेटचा विषय मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो, आणि तोवर चांगले पर्याय हातातून गेलेले असतात. देशी बियाणे, रानभाज्या, मध आणि बांबूच्या वस्तू घेऊन आलेल्या बचत गटांच्या महिलांना यूपीआयने पैसे स्वीकारता आले नाहीत, तर त्याचा फटका थेट त्यांच्या विक्रीला बसतो, कारण शहरातून आलेला ग्राहक हल्ली रोख रक्कम क्वचितच बाळगतो. म्हणून वायफायकडे पाहुण्यांची करमणूक म्हणून न पाहता महोत्सवाच्या पायाभूत सोयींपैकी एक म्हणून पाहावे आणि तिची तयारी निदान दीड महिना आधी सुरू करावी.

सर्वात आधी हे इंटरनेट कोणासाठी आहे ते ठरवावे आणि कागदावर लिहून ठेवावे. माझ्या मते क्रम असा असावा: प्रथमोपचार केंद्र आणि आयोजकांचा परस्पर संपर्क, मग विक्रेत्यांचे पैशांचे व्यवहार, त्यानंतर व्याख्यानांचे थेट प्रक्षेपण असल्यास ते, आणि उरलेली क्षमता पाहुण्यांसाठी. हा क्रम आधी ठरलेला नसेल तर दुपारी बाराच्या गर्दीत शंभर जणांचे व्हिडिओ चालू राहतात आणि नाचणीचे लाडू विकणाऱ्या ताईंचा व्यवहार अडकतो. यूपीआयच्या एका व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो. त्याला वेगापेक्षा न तुटणारी जोडणी हवी असते. त्यामुळे विक्रेत्यांची गरज भागवणे स्वस्त आहे, फक्त तिला स्वतंत्र वाट राखून द्यावी लागते.

पाहणीसाठी मैदानावर प्रत्यक्ष जावे, आणि महोत्सव ज्या वेळी भरणार त्याच वेळी जावे. जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल या चारही कंपन्यांची सिम असलेले फोन सोबत घ्यावेत आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर, शक्य असल्यास शाळेच्या गच्चीवरही, वेग तीन-तीन वेळा मोजावा. फोनवर दिसणाऱ्या दांड्यांवर विसंबू नये. सिग्नलची ताकद आकड्यांत दाखवणारी अॅप विनामूल्य मिळतात. त्यांत आरएसआरपी हा आकडा उणे ९० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला समजावा आणि उणे ११० च्या खाली गेला तर त्या जागी सिम घालून चालणाऱ्या साध्या राउटरवर भरवसा ठेवू नये. फेब्रुवारीत पानगळीच्या काळात मोजलेली रेंज ऑगस्टमध्ये, ओल्या पानांनी झाडे भरलेली असताना, तशीच मिळत नाही. रानभाज्यांचा महोत्सव पावसाळ्यात भरवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

यातील सर्वात फसवी गोष्ट गर्दीची आहे. रिकाम्या मैदानावर एखाद्या कंपनीचा वेग सेकंदाला ६० मेगाबिट मिळाला, म्हणून महोत्सवाच्या दिवशीही तो मिळेल असे नाही, कारण गावाचा टॉवर काहीशे लोकांसाठी उभारलेला असतो आणि त्या दिवशी तीन हजार फोन त्याच टॉवरला चिकटतात. आपला राउटरही त्याच टॉवरवर असेल तर तोही त्याच रांगेत उभा राहतो, मग तो कितीही महागडा असो. यावर उपाय दोन आहेत. पहिला उपाय म्हणजे दिशादर्शी बाह्य अँटेना उंचावर लावून ती गावच्या टॉवरऐवजी शेजारच्या गावाच्या किंवा तालुक्याच्या टॉवरकडे रोखणे. सिग्नल थोडा क्षीण दिसला तरी गर्दी नसल्यामुळे तेथून प्रत्यक्षात अधिक डेटा मिळतो. दुसरा उपाय म्हणजे मोबाइल जाळ्यावर मुख्य भिस्त न ठेवणे.

तसे करण्यासाठी आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून आरंभलेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेतून अनेक ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचलेली आहे, आणि काही गावांत शाळेत किंवा दवाखान्यात तिची चालू जोडणीही असते. ती खरोखर चालते का, हे मात्र स्वतः जाऊन पाहावे. फायबर मैदानापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर असली तरी अडचण नाही: एक रेडिओ तिथल्या गच्चीवर आणि दुसरा मैदानावर, एकमेकांच्या दृष्टीच्या सरळ रेषेत लावला की बिनतारी पूल तयार होतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील मोठा भाग केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड्यावरील वापरासाठीही परवान्याविना खुला केल्यामुळे अशा पुलाला रेडिओ लहरींचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. उपकरण मात्र भारतात मान्यता मिळालेले असावे आणि त्याची शक्ती ठरलेल्या मर्यादेतच ठेवावी. मधल्या रेषेत एखादा आंबा किंवा वड येत असेल तर रेडिओ उंच करावा किंवा जागा बदलावी. रेंजसाठी फांदी तोडण्याचा विचार पर्यावरण महोत्सवाच्या आयोजकांच्या मनातही येऊ नये. फायबर मुख्य आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेला राउटर राखीव, ही जोडी मला सर्वात भरवशाची वाटते. पंधरा-वीस हजारांची गर्दी अपेक्षित असेल तर मोबाइल कंपन्यांकडे चाकांवरच्या तात्पुरत्या टॉवरची मागणी जिल्हा प्रशासनामार्फत करता येते. लहान कार्यक्रमांना ती सहसा मंजूर होत नाही.

किती क्षमता लागेल याचा हिशेब सोपा आहे. समजा दिवसभरात तीन हजार लोक येणार आहेत. एका वेळी त्यांपैकी सुमारे हजार मैदानावर असतील, त्यांतले दोनशे वायफायला जोडले जातील आणि एखाद्या क्षणी खरोखर डेटा ओढणारे चाळीसच असतील. प्रत्येकाला २ मेगाबिटची मर्यादा घातली तर ८० मेगाबिट पुरतात. ही मर्यादा राउटरमध्ये आवर्जून घालावी, आणि फोनचे आपोआप होणारे अद्ययावतीकरण व फोटोंची साठवण शक्य तेथे रोखावी, कारण वायफाय मिळताच फोन ही कामे मालकाच्या नकळत सुरू करतात. वायफायची जाळी तीनच ठेवावीत: आयोजकांचे, विक्रेत्यांचे आणि पाहुण्यांचे. पाहुण्यांच्या जाळ्यावरील फोन एकमेकांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था करावी आणि पहिल्या दोन जाळ्यांना राउटरमध्ये प्राधान्य द्यावे.

वायफायची उपकरणे, ज्यांना अॅक्सेस पॉइंट म्हणतात, ती उघड्यावर टिकणारीच घ्यावीत आणि तीन ते चार मीटर उंचीवर, किंचित खाली झुकवून लावावीत. माणसाच्या शरीरातले पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे टेबलावर ठेवलेले उपकरण सकाळी उत्तम चालते आणि गर्दी वाढताच निकामी ठरते. एका उपकरणावर चाळीस-पन्नास फोनांचाच भार धरावा. एकच मोठे उपकरण पूर्ण शक्तीने चालवण्यापेक्षा चार-पाच लहान उपकरणे कमी शक्तीने चालवणे चांगले, कारण मोठ्या उपकरणाचा आवाज फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचा आवाज परत तिथवर पोहोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ याच वाहिन्या वापराव्यात आणि शेजारच्या दोन उपकरणांना वेगवेगळ्या द्याव्यात. विक्रेत्यांनी आपापले हॉटस्पॉट बंद ठेवावेत अशी विनंती सकाळीच करावी. वीस हॉटस्पॉट एकत्र आले की सगळ्यांचीच वाट अडते.

खांब म्हणून बांबू उत्तम. झाडाला खिळा ठोकू नये, तारेने आवळूही नये. झाडाचा आधार घेणे अटळच असेल तर रुंद कापडी पट्टा वापरावा आणि कार्यक्रम संपताच सोडवावा. केबल बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी सुतळी किंवा काथ्या पुरतो. नेटवर्क केबलची एक लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी आणि ती उन्हात टिकणाऱ्या आवरणाची असावी. पायवाट ओलांडताना केबल डोक्यावरून न्यावी किंवा उथळ चर खणून पुरावी, नाहीतर कोणीतरी अडखळून पडतो. एप्रिल-मे महिन्यांत कार्यक्रम असेल तर दुपारनंतर वळिवाचा पाऊस विजांसह येऊ शकतो. उंच खांबाचे भू-संयोजन (अर्थिंग) आधीच करावे आणि ढग गडगडू लागताच खांबाजवळ कोणालाही थांबू देऊ नये.

विजेचा प्रश्न मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो. पर्यावरण महोत्सवात डिझेलचा जनरेटर लावून वायफाय चालवणे विसंगत आहे, आणि त्याची गरजही नाही. पाच अॅक्सेस पॉइंट, दोन राउटर, एक नेटवर्क स्विच आणि एक छोटा सर्व्हर यांना मिळून साधारण १०० वॅट लागतात. दहा तासांचे १,००० वॅट-तास झाले. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास मावतात आणि त्यांतले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात. म्हणजे एक बॅटरी जेमतेम दिवस काढते, म्हणून दोन घ्याव्यात. इन्व्हर्टरची जुनी शिसे-आम्ल बॅटरी वापरणार असाल तर तिच्या क्षमतेचा निम्माच भाग हिशेबात धरावा. ३३० वॅटचे दोन सौर पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात ही भरपाई दिवसभरात आरामात करतात. पावसाळ्यात मात्र त्यांवर विसंबू नये आणि भरलेली तिसरी बॅटरी हाताशी ठेवावी. बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून फिरवून पुन्हा अडॅप्टरला देण्यात बराच भाग उष्णतेत वाया जातो, म्हणून बॅटरीवर थेट चालणारा आणि केबलमधूनच उपकरणांना वीज पुरवणारा पीओई स्विच घ्यावा. सर्व सामान शक्यतो भाड्यानेच आणावे. दोन दिवसांसाठी विकत घेतलेली उपकरणे पुढे कपाटात पडून ई-कचरा होतात.

बाहेरच्या जोडणीवरील भार कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे लोकांना हवी असलेली माहिती मैदानावरच ठेवणे. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर महोत्सवाचा नकाशा, वेळापत्रक, बियाण्यांची सूची, रानभाज्यांच्या पाककृती आणि व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे ठेवता येतात. किविक्स या मुक्त प्रणालीने मराठी विकिपीडियाही त्यावर बसतो. हे सारे इंटरनेट बंद पडले तरी वायफायवर चालू राहते. पक्षिनिरीक्षणाच्या फेरीला येणाऱ्यांना आठवडाभर आधी संदेश पाठवून मर्लिन अॅपमधील आपल्या भागाच्या पक्ष्यांचा संच घरूनच उतरवून घ्यायला सांगावे. नंतर पक्षी ओळखायला जोडणी लागत नाही. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या अॅपमध्येही नोंदी जोडणीविना करून नंतर पाठवता येतात. म्हणून जंगलवाटेवर वायफाय नेण्याचा आग्रह धरू नये. ते मांडव आणि विक्रीच्या रांगांपुरतेच ठेवावे.

उपकरणांच्या दिव्यांकडेही लक्ष द्यावे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना उजेडाने दिशा चुकू शकतात, आणि भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये चमकणारे काजवे एकमेकांना प्रकाशानेच खुणावतात. अशा ठिकाणी राउटरवरचे निळे-हिरवे दिवे सेटिंगमधून बंद करावेत किंवा काळ्या चिकटपट्टीने झाकावेत. काही पाहुणे लहरींच्या पक्ष्यांवरील परिणामाबद्दल विचारतात, आणि त्यांची शंका टाळू नये. मोबाइल टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली आहे आणि वायफाय उपकरणाची शक्ती टॉवरच्या मानाने फारच कमी असते, हे त्यांना शांतपणे सांगावे. तरीही रात्री कार्यक्रम संपल्यावर सर्व उपकरणे बंद करावीत, त्यात वीजही वाचते.

कायद्याची बाजू वाटते तितकी अवघड नाही. सार्वजनिक वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख पटवणे आवश्यक आहे, आणि सर्वांना एकच पासवर्ड फलकावर लिहून देणे त्यात बसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेत गावातला दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक डेटा केंद्र चालवू शकतो. ओळख पटवण्याची आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी त्या योजनेतील नोंदणीकृत संस्था सांभाळतात. गावात असा कोणी असेल तर त्यालाच सोबत घ्यावे, म्हणजे उत्पन्नही गावात राहते. ओळख पटवणाऱ्या ओटीपीची एक अडचण मात्र आधी सोडवून ठेवावी: मोबाइल जाळे कोंडलेले असेल तर ओटीपीचा संदेशच येत नाही, आणि वायफायची गरज नेमकी त्याच वेळी असते. म्हणून विक्रेत्यांची आणि स्वयंसेवकांची नोंदणी आदल्या संध्याकाळी उरकावी आणि पाहुण्यांसाठी चौकशी कक्षात ओळखपत्र पाहून कूपन देण्याची पर्यायी सोय इंटरनेट सेवादाराशी बोलून ठेवावी.

महोत्सवाच्या दिवशी एकाच माणसाकडे हे काम द्यावे आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. त्याने दर तासाला प्रत्येक रांगेतून फिरून एक रुपयाचा यूपीआय व्यवहार करून पाहावा. वेगाच्या आकड्यांपेक्षा ही कसोटी खरी. इंटरनेटच्या सर्वच जोडण्या तुटल्या तर विक्रेत्यांनी गोंधळू नये यासाठी डेटाविना, केवळ मोबाइल सिग्नलवर चालणारा यूपीआयचा *९९# हा मार्ग त्यांना आदल्या दिवशी दाखवून ठेवावा आणि सुट्या पैशांची एक पेटी चौकशी कक्षात ठेवावी.

कार्यक्रम संपल्यावर उपकरणे यादीशी ताडून काढावीत, सुतळीचे तुकडेही मैदानावर राहू देऊ नयेत. पाहुण्यांनी दिलेले मोबाइल क्रमांक पुढच्या वर्षीच्या निमंत्रणासाठी त्यांच्या संमतीविना वापरू नयेत. जबाबदार सेवादाराकडे कायद्याने ठेवायच्या नोंदी सोडून आयोजकांकडील प्रती पुसून टाकाव्यात. कोणत्या कोपऱ्यात रेंज गेली, किती वाजता भार सर्वाधिक होता आणि बॅटरी संध्याकाळी किती उरली होती, एवढ्या नोंदी मात्र जपून ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी, कारण गावात नव्या टॉवरची किंवा फायबरची मागणी करताना तिला हेच आकडे उपयोगी पडतात.