शाळेभोवतीचे शंभर यार्ड तंबाखूमुक्त करायचे असतील तर

गावात तंबाखूबंदीचं काम काढलंत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणणार, "आपल्या गावात कोण सिगारेटी ओढतंय बाई? त्यो कायदा शेरातल्यांसाठी हाय." हे बोलणं मनापासून ऐकून घ्या, पुढचं काम कसं करायचं ते त्यातच आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. आमच्याकडे पन्नाशीचा माणूससुद्धा वडीलधाऱ्यांसमोर बिडी पेटवत नाही, थोरलं कुणी येताना दिसलं की विझवतो. तोच माणूस ग्रामसभेत सगळ्यांदेखत तंबाखू मळतो आणि शेजारी बसलेल्याच्या तळहातावर अर्धी ठेवतो. बिडीची लाज आहे, पुडीचा मात्र पाहुणचार होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. तेव्हा नुसती 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी लावलीत तर सगळं गाव मान डोलावेल आणि पुडी चालूच राहील.

कायदा काय देतो आणि काय देत नाही, हे आधी स्वतः पक्कं करा. २००३ चा केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचं आहे. त्याचे आजचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि शाळेच्या आवारात तो करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. पण हे कलम फक्त धुराला लागतं. पारावर बसून तंबाखू खाणाऱ्या तात्यांना ते लागत नाही, तेव्हा त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत भांडायला जाऊ नका. आपल्या कामाचं कलम आहे ६. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायचा नाही, त्याच्याकडून विकून घ्यायचा नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीच करायची नाही.

गुटखा आणि मावा हे वेगळं प्रकरण आहे. ते अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यभर बंद आहेत, गुटखा तर २०१२ पासून, मग दुकान शाळेजवळ असो की वेशीबाहेर. सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यावर राज्य सरकारने २०२० मध्ये बंदी घातली. आणि बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७७ तर फार कडक आहे. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, पण टपरीवाल्याला माहीत असू द्या.

आता टेप घ्या. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. पुष्कळ ठिकाणी फाटकापासून रस्त्याने मोजतात आणि मागच्या बाजूची टपरी सुटते. अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारही दिशांना, सरळ रेषेत धरायचं असतं. मध्ये घर आलं, ओढा आला तरी अंतर सरळच. मोजताना ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीचा एखादा पालक आणि शक्य असेल तर पोलीस पाटील सोबत असू द्या, आणि त्याच दिवशी पंचनाम्यासारखा कागद करून सगळ्यांच्या सह्या घ्या. "माझं दुकान हद्दीच्या भायेर हाय" हा वाद नंतर निघतोच, तेव्हा हा कागद कामाला येतो. मग रस्त्यावर पिवळी रेघ ओढा. तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेच्या निकषांत ती आहेच. मोजायला आणि रंगवायला सातवीची मुलं घ्या, गणिताचा तास तिथेच होतो.

इथून पुढचं काम सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत नाजूक. आपल्याकडे मूल तंबाखूच्या दुकानात पहिल्यांदा जातं ते घरच्यांनीच धाडल्यामुळे. "जा रं, आज्जाला पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशाची गोळी खा." सहा-सात वर्षांचं पोर रोज हे करतं. दुकानदाराला वाटतं पुडी आजोबांची आहे, आजोबांना वाटतं पोर नुसतं आणून देतंय. दोघांच्याही मनात काही वाईट नाही, आणि तरी ते पोर दहा वर्षांचं होईपर्यंत चुना किती लावायचा हे शिकलेलं असतं. कायद्यात दोषी ठरतो विकणारा, आजोबा सुटतात. त्यामुळे हा भाग आपल्यालाच बोलून सोडवावा लागतो.

यासाठी पालकसभा पुरत नाही, तिथे आई येते आणि फार तर वडील. मी आजी-आजोबांची वेगळी बैठक बोलावते, नातवंडांच्या हातचं पत्र पाठवून. तंबाखू सोडा असं त्या दिवशी एका शब्दानेही म्हणत नाही. एवढंच मागते की पुडी स्वतः आणा, पोराला धाडू नका. हे मागणं म्हाताऱ्या माणसाला अपमानाचं वाटत नाही, कारण आपल्या थोरल्यांसमोर बिडी लपवायची रीत त्यांनीच पाळली आहे. एक आजोबा उठून म्हणाले, "आमी थोरल्यांचा मान राखला, आता धाकट्यांचा राखू." असं बोलणारं एक माणूस प्रत्येक गावात असतं, ते बैठकीआधी हेरून ठेवा आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

टपरीवाल्याकडे जाताना एकट्या जाऊ नका आणि जमावही नेऊ नका. दोघी-तिघी पुरे. गिऱ्हाईक नसलेली दुपारची वेळ धरा. तो विचारणारच, "पुडी ठिवली न्हाई तर माणूस च्याला तरी कशाला थांबंल?" त्याची काळजी खरी आहे. पुष्कळदा टपरी चालवणारी विधवा बाई असते किंवा अपंग माणूस. आम्ही ग्रामपंचायतीकडे हद्दीबाहेरची, स्टँडकडच्या बाजूची जागा मागितली, आणि जे हलणार नव्हते त्यांना वही-पेन, खाऊ, मोबाईलचा रिचार्ज एवढं ठेवायला सांगितलं. एक महिना मुदत द्या, तीही लेखी. मुदत संपल्यावर मात्र ढिलाई नको. मुख्याध्यापकाचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मोजणीचा कागद जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. गुटखा सापडत असेल तर अर्जाची दुसरी प्रत सांगलीला अन्न व औषध प्रशासनाकडे. तुमचा अर्ज टेबलावर पडून राहिला तर पुढच्या ग्रामसभेत पोच दाखवून तसं सांगा. चारचौघांत विचारणा झाली की कागद हलतो.

ठरावाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान होतं, बाटली आडवी करावी लागते, म्हणून लोकांना वाटतं तंबाखूसाठीही तसंच काही लागेल. तसं काही लागत नाही. बंदी कायद्याने झालेलीच आहे, ग्रामसभेने फक्त अंमलबजावणी मागायची आहे. ठरावात मोघम लिहू नका. असं लिहा: "जिल्हा परिषद शाळा व अंगणवाडीच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री होणार नाही. या हद्दीत टपरीस जागा अगर परवानगी दिली जाणार नाही. ग्रामपंचायत कार्यालय व सभागृहात तंबाखू खाणे व थुंकणे यास मनाई राहील." शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. सरपंचांनी सभेत मळायचं थांबवलं की बाकीच्यांना सांगणं सोपं जातं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे मिश्रीचा विषय काढा. आमच्या द्राक्षबागांत विरळणीला जाणाऱ्या बायका सकाळी मिश्री लावतात, मग जेवणानंतर आणि संध्याकाळी पुन्हा. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. "मिश्रीबिगर पोट साफ हुईत न्हाई" हे त्या अगदी खरेपणाने सांगतात. त्यांना व्यसनी म्हणालात तर पुढच्या सभेला एकही येणार नाही. आशाताईंना बोलवा. तंबाखूने, आणि मिश्रीही त्यात आली, पोटातलं बाळ कमी वजनाचं होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की सासवा ऐकतात. सून गरोदर असेल तोवर घरात मिश्री भाजायची नाही, इथपासून सुरुवात पुष्कळ झाली.

मोठ्या मुलांसाठी तोंडाची तपासणी मागा. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा की आठवीपासूनच्या प्रत्येकाचं तोंड उघडून बघा. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जायला हवीत. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर सुपारी-माव्याने आतली त्वचा ताठ होत चाललेली असू शकते, आणि मूल लगेच दंतवैद्याकडे जायला हवं. अशा मुलाचं नाव वर्गात घेऊ नका. ज्याला सोडायचं आहे, मग मूल असो की बाप, त्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या. तो पाकिटावर छापलेलाच असतो, पण कुणी वाचत नाही. आम्ही तो शाळेच्या भिंतीवर हातभर आकड्यांत रंगवला आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं काही महिने आपल्या शाळेत बसतात. गाडीतळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी, पुडी मुलांच्या हातूनच येते, आणि तिथल्या आईबापांना आपल्या ठरावाची काही कल्पना नसते. म्हणून साखर कारखान्याच्या स्लिप बॉयला (उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) आणि टोळीच्या मुकादमाला टोळी उतरताच भेटा, रागाने न बोलता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. पिवळी रेघही तेव्हाच नव्याने ओढा. पावसाने ती पुसलेली असते, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर नव्या टपऱ्या पडतात.