पिकअपचं पुढच्या चाकाचं बेरिंग: गेलंय का कसं ओळखायचं आणि घरी कसं बदलायचं

चाकातून घूंऽऽ आवाज यायला लागला की बरेच जण ग्रीसची टोपी काढून नट अजून एक आटा कसतात आणि गाडी परत धंद्याला लावतात. असं अजिबात करू नका. झिजलेलं बेरिंग कसून नीट होत नाही, उलट जास्त तापतं आणि भरल्या गाडीत घाट उतरताना जाम झालं तर चाक, ब्रेक, स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) सगळंच धोक्यात येतं. नवीन टाकलेलं बेरिंगसुद्धा लवकर जातं ते बहुतेक वेळा फिटिंगमुळे, म्हणजे कचरा, चुकीचं ग्रीस नाहीतर जास्त कसलेला नट. त्यामुळे पार्ट आणायला पळण्याआधी हे वाचा.

मी इथे टू व्हील ड्राइव्ह बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांचं पुढचं चाक धरून सांगतोय, जिथे हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आतलं आणि बाहेरचं अशी दोन टेपर रोलर बेरिंग असतात. रोलर तिरके असतात म्हणून वरून येणारं वजन आणि वळणावरचा आडवा लोड असे दोन्ही ते झेलतात, आणि म्हणूनच ती किती कसायची हे आपल्या हातात असतं.

आधी आवाज. बेरिंगचा आवाज गाडीच्या स्पीडबरोबर वाढतो, इंजिनच्या रेसबरोबर नाही, म्हणून रिकाम्या सरळ रस्त्यावर ४०-५० ला न्यूट्रल करून बघा, आवाज तसाच राहिला तर इंजिन-क्लच बाजूला झाले. मग हळूच डावीकडे लहर द्या, डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेरिंगवर, आणि उलटं असेल तर डाव्यावर. टायर वेडावाकडा झिजला असेल तरी असाच आवाज येतो, पण तो खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आलं की बदलतो, बेरिंगचा फारसा बदलत नाही.

आता गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना गुटके लावा, जॅकवर उचला आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन (चाक ज्यावर वळतं तो सांधा) बघा. फक्त डावं-उजवं हलवताना प्ले येत असेल तर स्टीअरिंगचा टाय रॉड एंड तपासा. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा, खराब बेरिंगची खरखर हाताला लागते.

खात्री झाली की खोला. चाकाचे नट गाडी खाली टेकवून ढिले करा, मग परत उचलून घोडी लावा आणि चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढून तारेने वर बांधा, होज पाइपवर लटकत ठेवू नका. टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा (काही गाड्यांत पिनऐवजी लॉक वॉशरची पाकळी वाकवलेली असते), नट आणि वॉशर काढा, हब थोडा बाहेर ओढला की बाहेरचं बेरिंग हातात येतं. मग हब काढून मागचं ऑइल सील उचकटा, आतलं बेरिंग सुटतं.

सगळं रॉकेलने धुऊन उजेडात बघा. रोलरवर किंवा कपमध्ये (हबमध्ये ठोकून बसवलेली बेरिंगची बाहेरची कडी) खड्डे, निळसर-जांभळा रंग, गंज यातलं काहीही दिसलं तर बेरिंग बाद. स्टब अ‍ॅक्सलवर बेरिंग फिरल्याच्या रेघा असतील तर तिकडेही लक्ष द्या, खराब स्टबवर नवीन बेरिंग टिकत नाही. आणि कप जुना ठेवून नुसता रोलरचा भाग नवीन टाकू नका. कप, बेरिंग आणि सील एकत्रच बदला, आतलं-बाहेरचं दोन्ही. डुप्लिकेट माल भरपूर आहे, म्हणून खात्रीच्या दुकानातून बिलासकट घ्या आणि जुन्याचा नंबर जुळवा.

जुना कप पंचाने आलटून पालटून ठोकत काढा. नवीन कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर जरा आकसतो आणि सरळ बसतो. ठोकताना जुना कप मध्ये ठेवा नाहीतर पितळी पंच वापरा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज एकदम भरीव होतो, तो ऐकू येईपर्यंत थांबू नका.

ग्रीस हे या कामाचं काळीज आहे. डिस्क ब्रेकच्या हबला लिथियम कॉम्प्लेक्स, हाय टेंपरेचरचं ग्रीस घ्या, चेसिसचं साधं ग्रीस उष्णतेने पातळ होऊन सीलमधून ब्रेकवर येतं. तळहातावर गोळा घेऊन बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत रहा, रोलरमधून वरच्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत, नुसतं वरवर चोपडून काही उपयोग नाही. हबच्या पोकळीत साधारण निम्मंच भरा. हब गच्च भरला तर तापतो. सीलची ओठाची बाजू आतल्या बेरिंगकडे ठेवा आणि त्यालाही ग्रीस लावा.

आता नट. हब हाताने फिरवत फिरवतच नट कसा म्हणजे रोलर कपात नीट बसतात, मग नट पूर्ण ढिला करून परत हलक्या हाताने टेकवा. नेमका टॉर्क मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, तो तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. पिनचं भोक जुळत नसेल तर थोडं ढिलं करून जुळवा, कसून नाही. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि प्ले जाणवायला नको. स्प्लिट पिन कायम नवीन.

कॅलिपर बसवून ब्रेक पॅडल चार-पाच वेळा दाबा, पॅड डिस्कला टेकल्याशिवाय गाडी हलवू नका. २०-२५ किलोमीटर रिकामी चालवून दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा. नवीन बाजू थोडी कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर परत खोला, नट जास्त कसलाय किंवा ब्रेक धरतोय.

मागच्या चाकाचं मात्र घरी करू नका. तिथलं बेरिंग बऱ्याच गाड्यांत शाफ्टवर प्रेसने बसवलेलं असतं, हायड्रॉलिक प्रेस असलेल्या गॅरेजमध्येच द्या आणि अ‍ॅक्सलचं सील त्याच वेळी बदलून घ्या.