आरसीसीबी वारंवार ट्रिप होतोय? या चुका टाळा

आरसीसीबी (मेन बोर्डातला, करंट गळला की लाईन तोडणारा स्विच; अजूनही बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात) दिवसातून तीनदा पडायला लागला की घरात हमखास ऐकू येतं, "हाच बिघडलाय, काढून टाका." असं चुकूनही करू नका. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय ना, एवढंच तो पाहतो. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो. तेवढा फरक पडायच्या आत, अगदी 15 च्या पुढे कुठेही, तो लाईन तोडू शकतो. फरक पडतोय म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय, आणि ती वाट उद्या कुणाच्या ओल्या हातातून जाऊ शकते. म्हणून तो बायपास करू नका, 30 च्या जागी 300 चाही बसवू नका. एमसीबीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी आहे. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो.

दोष शोधताना बहुतेक जण इथे फसतात: सगळी बटणं बंद केली, तरी पडला, म्हणजे वायरिंगच गेलं. पण बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो अर्थला टेकला तरी आरसीसीबी पडतो. त्यामुळे प्लग सॉकेटमधून उपसूनच काढा. मग एकेक उपकरण लावून बघा. गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन आधी. गिझरला वेळ द्या. गार असताना तो निमूट चालतो आणि कॉइल तापली की दहा मिनिटांनी पाडतो.

एका घरात मिक्सर लावला की आरसीसीबी पडायचा. मिक्सर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला, दोष काही निघेना. शेवटी इस्त्री लावून पाहिली, तर तिनेही पडला. कोणतंही जड उपकरण लावलं की पडतो, ही न्यूट्रल-अर्थ चिकटल्याची खूण. बेडरूमचा बोर्ड उघडला, तेव्हा लोखंडी पेटीच्या स्क्रूखाली न्यूट्रलची काळी वायर चेपलेली दिसली. इन्सुलेशनवर नखाएवढी चीर. मिक्सरचा त्यात काही संबंधच नव्हता.

नवा पॉइंट काढल्यापासून पडत असेल, तर न्यूट्रल दुसऱ्याच आरसीसीबीच्या सर्किटमधून घेतलाय का ते आधी तपासा. ही चूक फार होते.

सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर पुढचं काम वायरमनचं. मेन बंद करून, एकेका सर्किटचे फेज-न्यूट्रल दोन्ही सोडवून त्याला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा. मल्टिमीटरवर भागवू देऊ नका. त्याच्या बॅटरीच्या व्होल्टेजवर निर्दोष दिसणारं इन्सुलेशन मेगरच्या 500 व्होल्टला उघडं पडतं. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं, तर ती वायर बदलायचीच.