गाडीचा एसी गरम हवा मारतोय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एप्रिल लागला की गॅरेजच्या दारात गाडी थांबते, काच खाली होते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "एसी गरम हवा मारतोय, गॅस संपला असेल, भरून द्या." अकोल्यात पारा ४४ वर असतो, मागच्या सीटवर लेकरं घामाने भिजलेली असतात, त्यामुळे घाई मी समजू शकतो. पण सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानेच होतं.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत राहतो. रबरी पायपांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, पण एका उन्हाळ्यात कूलिंग जावं इतका कधीच नाही. तेवढा कमी झाला असेल तर लीक आहे, आणि आज भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

मूर्तिजापूरकडचे एक गुरुजी आले होते. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात ने-आण करायची म्हणून त्यांना एसी लागायचा. एका उन्हाळ्यात तीन ठिकाणी तीनदा गॅस भरून घेतला, दर वेळी पंधरा दिवस थंड आणि मग पुन्हा गरम. माझ्याकडे आले तेव्हा गॅस दाबून फिरवणारा पंप, म्हणजे कंप्रेसर, कर्रकर्र वाजत होता. पाइप सोडवला, तर आतून करडं तेल निघालं. बोटावर घेऊन उन्हात धरलं, त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस लीक होताना तेलही घेऊन जातो. तिन्ही वेळा गॅस भरला गेला, तेल कुणीच घातलं नाही. कंप्रेसर कोरडा घासत राहिला आणि त्याचा चुरा कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, पोहोचला. कंडेन्सरला पाइप लागतो त्या जोडावर धूळ चिकटून तेलकट काळं कडं तयार झालं होतं. जोड उघडला, आत ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबरी कडी, चपटी होऊन चिरलेली. वीस-तीस रुपयांची वस्तू! कंप्रेसर, कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर आणि गॅस थोडा थोडा सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मिळून बिल पंचवीस हजारांवर गेलं. गुरुजींच्या हातात ते बिल देताना मला वाईट वाटलं आणि रागही आला. पहिल्याच ठिकाणी कुणी पाच मिनिटं टॉर्च मारून जोड पाहिले असते, तर ते कडं दिसलं असतं.

म्हणून मी आधी टॉर्च घेतो, प्रेशर मोजायचं गेज नंतर. तेलाचे डाग शोधतो, मग नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतो. लीक काढल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, आणि पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघतो. "व्हॅक्यूम करत बसू नका, गॅसनेच हवा काढून टाका" म्हणणाऱ्याला मी गाडी परत न्यायला सांगतो. आत राहिलेली हवा आणि ओल कूलिंगही खाते आणि कंप्रेसरही.

गेजचा काटा बघून गॅस मोजणं हीदेखील तशीच चूक. आर-१३४ए या प्रकारचा गॅस असलेली गाडी बंद असताना ३५ अंशांना काटा ११५ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दाखवतो. आत २०० ग्रॅम असो की ४५०, थोडाही गॅस द्रवरूपात उरला असेल तोवर आकडा तोच. गॅस वजनानेच भरायचा. किती, ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. "थोडा जास्त मारा, थंड होईल" हे साफ खोटं आहे. जास्त गॅसने प्रेशर वाढतं आणि हवा उलट गरम येते.

रस्त्यावर थंड आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर आधी पंख्याकडे बघा. एसी लावून बोनेट उघडा, कंडेन्सरचा पंखा फिरायला हवा. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरची जाळी बघा. आमच्याकडे कापसाच्या गाड्यांमागून फिरून जाळीवर सरकी-धुळीचा असा थर बसतो की पलीकडचं दिसत नाही. साध्या नळीने, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारली तर पातळ पाती आडवी होतात आणि हवा जायची वाटच बंद होते.

घरी करण्यासारखी एक तपासणी सांगतो. एसी चालू ठेवून, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून कंप्रेसरकडे परत येणारा जाड पाइप चाचपून बघा. तो गारेगार असेल, त्यावर पाणी सुटलेलं असेल आणि तरी आत हवा गरम येत असेल, तर गॅसला हात लावू नका. दोष हीटरच्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये असतो. आणि नॉब चुकून लाल बाजूला तर नाही ना, हे त्याआधी बघा.

हवा थंड पण कमी येते? केबिन फिल्टर काढून बघा.

एसी लावल्यावर कंप्रेसरच्या क्लचचा "टक" आवाज येत नाही? आधी फ्यूज आणि रिले (कंप्रेसरला वीज देणारा छोटा स्विच) बघा. प्रेशर स्विचला वायर जोडून कंप्रेसर डायरेक्ट करणारे मेकॅनिक आहेत, त्यांच्या हाती गाडी देऊ नका. गॅस कमी झाल्यावर कंप्रेसर वाचावा म्हणूनच तो स्विच असतो.

लीक बंद करणाऱ्या बाटल्या आत ओतू नका.

थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर कंप्रेसरचं सील कोरडं पडतं.

आणि गॅस भरून घेतलात तर किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या. पुन्हा कूलिंग कमी झालं आणि उरलेला गॅस काढून वजन केलं, की किती गेला ते तिथल्या तिथे कळतं.