समुद्राकाठच्या लोखंडी गेट-ग्रिलला इपॉक्सी कसं मारायचं

मालवण घ्या, देवगड घ्या नाहीतर अलिबाग, किनाऱ्यालगतच्या घरांचं एक दुखणं सारखंच. दिवाळीच्या आधी गेटला रेड ऑक्साइड आणि वरून ऑइल पेंट मारायचा आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत वेल्डिंगच्या जोडांतून तांबडे ओघळ परत सुरू. मग कोणीतरी सांगतं इपॉक्सी मारा, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून मारायचा पक्का रंग, आणि ते बरोबरच आहे, पण खारट लोखंडावर मारलेलं इपॉक्सीसुद्धा टिकत नाही, वर पैसे जास्त गेलेले असतात. म्हणून पेंट कुठल्या कंपनीचा यापेक्षा खालचं लोखंड किती स्वच्छ आहे याची काळजी जास्त घ्या, माझं तर यावर ठाम मत आहे.

कारण असं की इपॉक्सीचा थर कितीही घट्ट असला तरी पाण्याची वाफ त्यातून थोडी थोडी आत जातेच, आणि खाली मीठ राहिलं असेल तर ते मीठ पाणी ओढून घेतं आणि तिथे फोड येतो. असा फोड टाचणीने फोडून बघा, आतून पाणी येतं आणि खाली लोखंड काळं पडलेलं असतं.

तर पहिलं काम धुण्याचं. तेल, ग्रीस थिनरच्या फडक्याने पुसा, मग गोड्या पाण्याने ब्रश मारून सगळं धुवा, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते अजिबात वापरू नका. वाळलं की जुना ऑइल पेंट पूर्ण काढायचा, तो राहिला तर इपॉक्सीतलं थिनर त्याला उचलतं आणि सुरकुत्या येतात. ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज निघतो खरा पण लोखंड गुळगुळीत चकचकीत होतं आणि पेंटला धरायला काही राहत नाही, म्हणून नंतर 80 नंबरचा पॉलिश पेपर किंवा फ्लॅप डिस्क फिरवाच. बारीक खड्ड्यांत मीठ अडकलेलं असतं त्यामुळे घासून झाल्यावर परत एकदा धुवायचं, लगेच कोरडं करायचं आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी पिवळट गंज चढलेला दिसेल आणि सगळी मेहनत परत.

दिवस निवडताना पावसाळा पूर्ण संपू द्या. थंडीतही सकाळी दव असतं, लोखंड हाताला कोरडं लागलं तरी घाई नको, ऊन चांगलं वर आल्यावर सुरू करा आणि संध्याकाळचा गारवा पडायच्या बराच आधी थांबा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर काम बंद. ओल्या हवेत वाळलेल्या कोटवर कधीकधी चिकट, मेणासारखी साय येते, ती कोमट साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय वरचा कोट मारला तर तो सुटतोच.

आता मिक्सिंग, इथे अंदाजपंचे चालत नाही. इपॉक्सी दोन डब्यांत येतं, बेस आणि हार्डनर, आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते प्रॉडक्टप्रमाणे बदलतं. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट थर कच्चा राहतो. बेसच्या तळाला पावडर बसलेली असते, ती पट्टीने खरवडून पूर्ण एकजीव करा, मग हार्डनर घाला, ढवळा आणि दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून परत ढवळा, कारण पहिल्या डब्याच्या कडेला न मिसळलेला माल राहतो. प्रॉडक्टवर सांगितलं असेल तर 15-20 मिनिटं तसंच ठेवायचं. उन्हात पॉट लाइफ, म्हणजे मिसळलेला माल मारता येण्याजोगा राहतो तो वेळ, पटकन संपतं त्यामुळे थोडं थोडंच मिसळा, आणि घट्ट व्हायला लागलं की थिनर घालून ओढू नका, सरळ टाकून द्या. थिनर इपॉक्सीचाच, लॅकरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नको. हातात ग्लोव्हज पाहिजेतच, हार्डनरची ॲलर्जी एकदा झाली की कायमची बसते.

मारताना आधी छोट्या ब्रशने कडा, वेल्डिंग, नट-बोल्ट आणि पाइपची खालची बाजू एकदा रंगवून घ्या, धारदार कडेवरून पेंट मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग पूर्ण कोट. माझ्या पसंतीची सिस्टीम म्हणजे झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर इपॉक्सी एमआयओ, म्हणजे अभ्रकासारख्या चपट्या कणांचं आयर्न ऑक्साइड घातलेलं इपॉक्सी, साधारण 100, आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन पेंट) 50, म्हणजे वाळून 200 च्या आसपास. समुद्राच्या अगदी तोंडावर घर असेल तर एमआयओचा अजून एक कोट द्या. पीयू कशाला असं लोक विचारतात, तर इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर खडूसारखी पावडर सुटते, बोट फिरवलं तरी पांढरं लागतं. घरातल्या वस्तूला हे नाही केलं तरी चालेल, बाहेरच्या गेटला नाही चालणार.

किती माल लागेल तेही काढता येतं. डब्यावर व्हॉल्यूम सॉलिड्स, म्हणजे वाळल्यावर मागे राहणारा भाग, 50 टक्के असेल तर 50 मायक्रॉनला एका लिटरमध्ये कागदावर 10 चौरस मीटर होतं, ग्रिलच्या सळयांवर ब्रशने मारताना यापेक्षा बरंच कमी होतं म्हणून जास्तीचा घ्या. ओला थर 100 मायक्रॉन पडला तरच वाळून 50 राहतो, त्यासाठी मोजायची छोटी दातेरी पट्टी मिळते.

दोन कोटमधलं अंतर पण डब्यावर बघा. लवकर मारला तर खालचं थिनर अडकतं, आणि जास्त दिवस गेले तर इपॉक्सी इतकं कडक होतं की पेपर मारल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून मारायचं असेल तर मात्र हे गेटचं इपॉक्सी वापरायचं नाही, पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेलंच मागा, आणि कोल टार (डांबर मिसळलेलं) इपॉक्सी तर टाकीत नकोच.

काम झाल्यावर साधारण आठवडाभर पाण्यात बुडवू नका, घासू नका. नंतर जिथे पावसाची सर पोचत नाही, म्हणजे पडवीतलं ग्रिल, जिन्याखालचा भाग, तिथे मीठ साचत राहतं, ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. बिजागरीपाशी टवका उडाला तर तेवढीच जागा पक्क्या पेंटपर्यंत खरवडायची, कडा पेपरने उतरत्या करायच्या, आणि प्रायमर, एमआयओ, पीयू याच क्रमाने परत मारायचं.